दौंडला उतर, मी न्यायला येते

साधना बिडगर पहिल्यांदा होस्टेलात राहिली ती शिरूरला, आणि तिथून ती तीनदा पळाली.

तेव्हा ती तिसरीत होती. दिवाळी सरली की तिचे आईबाप मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे, ते मृगाच्या तोंडावर परतायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून बापानं, भैरू बिडगरनं, तिला मुलींच्या वसतिगृहात घातलं. ओळीनं मांडलेल्या लोखंडी खाटा, पाण्यासारखी आमटी, आणि अंथरुणावर पडलं की कुणीतरी एक मुलगी रडायला लागायची, मग तिच्यामागं सगळ्या. साधना पळायची. पण पळून जायची कुठं, तर न्हावऱ्याच्या अलीकडं वस्तीवर, स्वतःच्याच कुलूप लावलेल्या घरापाशी. शेजारची चुलती तिला भाकरी खाऊ घालायची आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून परत शिरूरला पाठवायची.

आज ती चौतिशीची आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि कारेगावात खोली घेऊन राहते. मधे एक लग्न झालं, ते मोडलं. त्याबद्दल ती फार बोलत नाही. आता वर्षातून दोनदा, कंपनीला सुट्ट्या जोडून आल्या की ती पाठीवर सॅक टाकते, दौंडला गाडी धरते आणि कुठंतरी लांब जाऊन होस्टेलात राहते. आपण होऊन, हौसेनं.

भैरूला याचं हसू यायचं. "ल्हानपणी हॉस्टेलातनं पळून यायचीस, आन् आता पैकं देऊन ऱ्हायला जातीस. डोकं ठिकाणावर हाय का तुजं?"

पण तिचं कारण साधं होतं. एकट्या बाईला लॉजवाला आधी वरून खालपर्यंत बघतो आणि मग "बरोबर कोण आहे?" विचारतो. होस्टेलात असं कुणी विचारत नाही. आधार कार्ड दाखवायचं, सहा जणींच्या खोलीतला एक पलंग मिळतो, वरचा नाहीतर खालचा. शिवाय तिला माणसं हवी होती. लाईनवर मशीनच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, आणि कारेगावच्या खोल्यांमधले शेजारी दर चार महिन्यांनी बदलतात. ओळख होऊन चहाला बोलवावं तोवर माणूस ठेका संपवून ओडिशाला गेलेला असतो. होस्टेलात संध्याकाळी सगळे गच्चीवर जमतात, गोल करून बसतात, आपापली ओळख सांगतात, गप्पा मारतात असं तिनं ऐकलं होतं.

ऐकलेलं खरं होतं. फक्त त्या गप्पांत तिची पाळी कधी टिकत नव्हती. कुणी नोकरी सोडून डोंगर चढत फिरत होता, कुणी दिल्लीहून सायकलवर आली होती. साधना सांगायची, "मैं कंपनी में क्वालिटी चेक करती हूँ." समोरचे "अच्छा, नाइस" म्हणायचे आणि मान तिच्या पलीकडच्या माणसाकडं वळायची. उदयपूरला असंच झालं, गोकर्णला असंच. इतका प्रवास करून, इतकी माणसं भेटून, आपण पुन्हा लाईनवरच उभे आहोत असं तिला वाटायचं. पुढं सरकत जाणाऱ्या पार्टांसारखी माणसं समोरून सरकत होती आणि तिच्याकडं बघून कुणी थांबत नव्हतं.

मग हंपी आलं.

त्या संध्याकाळी गच्चीवर आठ-दहाजण होते. साधनाच्या शेजारी कोलकात्याची देबोश्री नावाची एक मुलगी होती, तिशीच्या आसपासची, कुरळ्या केसांची, प्रत्येक गोष्टीवर "सच में?" म्हणणारी. साधनाची पाळी आली. समोरच्या खडकांच्या टेकडीवरून कुणाचीतरी शेरडं उतरत होती, ती बघताना तिच्या तोंडून कंपनीऐवजी दुसरंच निघालं. आम्ही धनगर, असं तिनं सांगितलं. आमचे आबा मेंढरं घेऊन कोकणात जायचे, घोड्यावर बिऱ्हाड असायचं, माझा जन्मसुद्धा वाटेवरच झाला. आता हे सगळं ती हिंदीत सांगत होती, आणि 'जायचे' या शब्दाला हिंदीत काय म्हणतात हे तिला त्या क्षणी सुचलं नाही. ती म्हणाली, "हमारे पिताजी मेंढी लेके कोकण जाते." शेवटचा 'थे' राहूनच गेला.

सगळे तिच्याकडं वळले. किती मेंढ्या, किती चालता, लांडगे येतात का, पाऊस आला तर झोपता कुठं? तिनं सांगितलं, आणि सांगताना ती फुलली. लोक ऐकतात म्हणजे काय असतं ते तिला पहिल्यांदा कळलं. जेवायची वेळ झाली तरी देबोश्री तिला सोडेना.

निघताना सगळे म्हणतात तसं साधनाही म्हणाली, "हमारे यहाँ आओ. दौंड जंक्शन उतरो, मैं लेने आती हूँ." हे वाक्य ती सगळ्यांनाच म्हणायची. कधी कुणी आलं नव्हतं.

माघात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मोबाईल बघितला तर देबोश्रीचा मेसेज. शनिवारी सकाळी दौंडला उतरते. तुझ्या बाबांबरोबर आणि मेंढरांबरोबर दोन दिवस चालायचंय. बूट घेतलेत.

साधनाच्या हातातली पोळी हातातच राहिली. मेंढरं विकून नऊ वर्षं झाली होती. आणि असती तरी या दिवसांत ती कोकणात असती, न्हावऱ्याला नाही. तिनं घाईघाईनं लिहिलं, "अभी मेंढी नहीं है." उत्तर आलं, काही हरकत नाही, जिथं असतील तिथं आपण चालत जाऊ. तिनं परत लिहिलं, "नहीं है मतलब नहीं है." त्यावर देबोश्रीनं हसरं तोंड पाठवलं आणि लिहिलं, तू फार काळजी करतेस. तेवढ्यात भोंगा झाला.

सुपरवायझर इंद्रजीत सरांची मनधरणी करून तिनं दोन दिवस सुट्टी काढली आणि शनिवारी स्कूटीवर दौंड गाठलं. देबोश्री प्लॅटफॉर्मवरून पळत येऊन तिच्या गळ्यात पडली. तिच्या पाठीवर एवढी मोठी सॅक होती की स्कूटीवर बसल्यावर मागं कललेल्या पोत्यासारखी ती सारखी साधनाला मागं ओढत होती. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून धूळ खात, वाट काढत साधना तिला सांगत राहिली, की मी हंपीत म्हणाले ते पूर्वीचं, बहुत पहले का. वाऱ्यात किती पोचलं देव जाणे. मागून एकच शब्द येत होता, "सच में?"

वस्तीवर भैरूनं अंगण झाडून पाणी मारून ठेवलं होतं. धुतलेला सदरा, पांढरी टोपी. आई म्हाळसानं नवं लुगडं नेसलं होतं. सिमेंटच्या दोन खोल्या, पुढं पत्र्याचा गोठा, गोठ्यात चार जर्शी गाई, पलीकडं ठिबकवर कांदा. देबोश्रीनं सगळीकडं बघितलं, हसली, पाया पडली, पाणी प्यायली, आणि मग हळूच साधनाला विचारलं, "भेड़ कहाँ हैं?"

"नहीं हैं," साधना म्हणाली. "बेच दिया. नौ साल हुआ."

देबोश्रीचा चेहरा पडला. लगेच तिनं तो सावरला, पण साधनानं बघितलं. माप तपासायच्या गेजमधून पार्ट गेला नाही की जसं हाताला कळतं, तसं तिला कळलं.

भैरूला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. लांबून पाहुणी आली होती, आणि तिला दाखवायला त्याच्याकडं पुष्कळ होतं. त्यानं तिला गोठ्यात नेलं, दूध काढायचं नवं मशीन चालू करून दाखवलं, कुठली गाय किती देते ते सांगितलं, बोअरला किती खोलवर पाणी लागलं ते सांगितलं. देबोश्री मान हलवत होती. मोबाईल तिच्या खिशातच होता.

"काय म्हणतीया?" भैरूनं विचारलं.

"चांगल्या हायेत म्हणती गाई."

"फोटू काढ म्हणाव की."

साधनानं ते भाषांतर केलं नाही.

दुपारी ओट्यावर बसल्यावर देबोश्रीनं विचारलं, मेंढरं विकली का? साधनानं बापाला विचारलं, आणि भैरू सुरू झाला. पूर्वी रानं मोकळी असायची, आता जो तो तारेचं कुंपण घालतो. वाटेवर कंपन्या झाल्या, प्लॉट पडले. रस्त्यावर ट्रकनं एका दमात आठ मेंढरं चिरडली, त्यांचं कुणी विचारलं नाही. फॉरेस्टवाले अडवायचे. एकदा भरपावसात एका गावानं थांबूच दिलं नाही, म्हाळसा तापानं फणफणलेली, तिला घोड्यावर बांधून नेली. आणि शेवटी गुडघा गेला. मेंढरं गाडीत चढवली त्या दिवशी कुत्रं गाडीमागं पळत गेलं ते परत आलंच नाही.

साधनाला हे सगळं मराठीतसुद्धा कधी असं एका बैठकीत ऐकायला मिळालं नव्हतं. देबोश्री वाट बघत होती. साधनाच्या हिंदीत एवढं मावणारच नव्हतं. ती म्हणाली, "बहुत तकलीफ होती थी. इसलिए."

भैरूनं तिच्याकडं बघितलं. "येवढंच? मी येवढा बोल्लो आन् तू दोन शबूद सांगितलंस?"

"आबा, मला येत न्हाई तेवढं."

"मग शिकायचं की. एवढी हिंडतीस."

देबोश्रीनं मग म्हाळसाला विचारलं, तुम्हाला ते चालणं आठवतं का? पुन्हा जावंसं वाटतं? म्हाळसा भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. ती चटकन म्हणाली, "कशापायी? माझी कंबर मोडली चालून. दीस मावळला की तीन दगडं हुडकायची, चूल मांडायची, आन् पाठीला पोर. आता फॅनखाली झोपती. लई बरं हाय बाई." आणि खळखळून हसली.

हे साधनानं शब्दन् शब्द सांगितलं. या वेळी भाषांतर नीट झालं होतं. देबोश्री म्हाळसाकडं बघत राहिली आणि साधनाच्या दंडावर हात ठेवून हलकेच म्हणाली, "वो अपना दर्द छुपाती है, ना?"

साधनाच्या डोक्यात तिडीक गेली. माझी आई आहे ती, तिला लपवायचं असतं तर तिनं शेंगा फोडल्या नसत्या, आत निघून गेली असती. पण हे हिंदीत कसं म्हणायचं? ती उठून चहा ठेवायला गेली आणि आधण उतू जाईपर्यंत तिथंच उभी राहिली.

तरीही रविवारी सकाळी मेंढरं हुडकायला तीच निघाली. पाहुणी एवढ्या लांबून आली, बूट घेऊन आली, तिला एक कळप तरी दाखवावा, असं तिनं मनाशी घेतलं होतं. आधी तिनं हौशीराम मामाला फोन लावला. तो अजून मेंढरं राखून होता. मामा फोनवर ओरडला, "अगं आम्ही रोह्याच्या अंगाला हाय! आत्ता माघात तुला कुठली मेंढरं घावणार? येडी का खुळी?"

वस्तीवरच्या कुणीतरी सांगितलं, इनामगावच्या बाजूला एकानं खतासाठी रानात मेंढरं बसवलीत. दोघी स्कूटीवर गेल्या. रान सापडलं. लेंड्या होत्या, जाळीच्या खुंट्यांची भोकं होती, चुलीची राख होती. शेतमालक बांधावर उभा होता. "कालच उठलं की ते. दोन दीस आधी यायचं." कुठं गेलं? त्यानं हात केला, त्या हातात निम्मा तालुका आला. पुढच्या गावात कळलं, कालव्याच्या अंगाला गेलीत. कालव्यावर गेल्या तर एक म्हातारा पाच-सहा शेळ्या घेऊन बसलेला. देबोश्रीनं शेळ्यांचे फोटो काढले. "ये भी अच्छा है," ती म्हणाली, आणि तिच्या त्या समजूतदारपणाचा साधनाला सगळ्यात जास्त राग आला.

वस्तीवर परतल्या तेव्हा धारेची वेळ झाली होती. भैरू सबंध दिवस वाट बघून बसला होता. त्यानं मशीन मुद्दाम लावलं नव्हतं. देबोश्रीला त्यानं खुणेनंच पाटावर बसवलं, गाईच्या आचळाला हात कसा लावायचा ते दाखवलं. पहिल्यांदा काहीच निघालं नाही. मग एक धार निघाली ती तिच्याच बुटावर. ती ओरडली, भैरू हसला, गाय दचकली. दोघं आपापल्या भाषेत एकमेकांशी बोलत होते आणि मधे कुणाची गरज नव्हती. साधना चाऱ्याची पाटी घेऊन दारात उभी होती. तिला बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, दोन दिवस मी उगाच पळापळ केली, आणि माझ्यावाचून यांचं चांगलं चाललंय.

सोमवारी दुपारी देबोश्रीची गाडी होती. म्हाळसानं तिला शेंगांचं गाठोडं दिलं, कुंकू लावलं. दोघी स्कूटीवर निघाल्या. देबोश्रीनं कानात हेडफोन घातले आणि मागं बसून मोबाईलमध्ये मान घातली.

दौंड जवळ आलं, आणि तोडलेल्या उसाच्या रानात, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, साधनाला कळप दिसला. मोठा कळप. पांढरी-काळी मेंढरं उसाचा पाला खात पसरली होती, पटकेवाला एक माणूस काठीवर हनुवटी टेकून उभा होता, बाजूला घोडं चरत होतं. हंपीच्या गच्चीवर तिनं सांगितलं होतं अगदी तसं. तिचा हात ब्रेकवर गेला. मागं देबोश्री मोबाईलमध्ये होती. गाडीला वेळ होता. थांबता आलं असतं.

साधना थांबली नाही. तिनं स्कूटी सरळ पुढं काढली.

स्टेशनवर कळलं की गाडी दोन तास लेट आहे. दोघी प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर बसल्या. चहा झाला. देबोश्री म्हणाली, तुझे घरचे फार गोड आहेत. फक्त एकदा तरी तो कळप बघायला मिळाला असता तर.

"आत्ता होता," साधना म्हणाली. "रस्त्यात. मैंने देखा. रुकी नहीं."

देबोश्रीला आधी वाटलं आपल्याला हिंदी नीट कळली नाही. मग कळली. "क्यों?"

आणि साधनाचा बांध फुटला. निम्मं हिंदी, निम्मं मराठी. तू तीन दिवस राहिलीस, माझ्या बापानं तुला गाई दाखवल्या, तू एक फोटो काढला नाहीस. आईनं खरं सांगितलं, ते तुला खोटं वाटलं. आणि मला तू एकदा तरी विचारलंस का, तू काय करतेस, कुठं राहतेस, एकटी का राहतेस? मेंढी, मेंढी, मेंढी! शेजारच्या बाकड्यावरचं कुटुंब वळून बघायला लागलं.

देबोश्री ऐकत होती. तिचे कान लाल झाले होते. मग ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातही आता धार होती, "हंपी में तुमने क्या बताया था? भेड़. बस भेड़. मुझे कैसे पता होगा बाकी?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

"अब बताओ," देबोश्री म्हणाली. "टाइम है. तुम क्या काम करती हो?"

साधनानं सांगायला सुरुवात केली. ब्रेकची प्लेट येते. ती गेजवर लावायची. बसली तर ओके, नाही बसली तर लाल क्रेटमध्ये. तासाला इतक्या. तिचं तिलाच ऐकू येत होतं, शब्द कसे कोरडे पडत होते ते. तिला सांगायचं होतं की पहिल्या पगारात तिनं आईला फॅन घेऊन दिला होता. एकदा तिनं अख्खा लॉट अडवला होता आणि मॅनेजरशी भांडली होती. मशीन बंद पडलं की जी शांतता होते ती तिला आवडते. पण त्या वाटेला शब्द जाईनात. देबोश्री डोळे मोठे करून, मन लावून ऐकायचा प्रयत्न करत होती. मधेच तिला जांभई आली, ती तिनं ओठांत दाबली.

गाडी आली. दोघींनी एकमेकींना मिठी मारली, जशी भांडण झालेल्या पण एकाच घरात राहणाऱ्या बायका मारतात तशी, अंग आखडून. देबोश्री चढली. साधना गाडी हलायची वाट न बघता वळली. स्कूटीच्या पायठेवणीत शेंगांचं गाठोडं तसंच राहिलं होतं. ती पळत परत गेली, तोवर डबे सरकायला लागले होते.

दीड महिन्यानं देबोश्रीनं मोबाईलवर एक फोटो टाकला. म्हाळसा ओट्यावर, मांडीत सूप, नजर कुठंतरी लांब. तो तिनं कधी काढला ते कुणाला कळलंच नव्हतं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ही भटकी आई आता कायमची थांबली आहे आणि तिचे डोळे अजून वाट चालतात. शेकडो लोकांनी हात जोडले होते. साधनानं ते कंपनीच्या बसमध्ये वाचलं आणि तिचं डोकं फिरलं. आई लांब कुठंतरी बघत नव्हती, दूध न्यायला येणाऱ्या दूधवाल्याची वाट बघत होती! तिनं भलामोठा मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला. देबोश्रीनं माफी मागितली आणि डोळ्यांबद्दलचं वाक्य काढून टाकलं. फोटो ठेवला. त्यानंतर दोघी सणावाराला एकमेकींना शुभेच्छा पाठवतात. त्यापलीकडं काही नाही.

भैरूला फोटो दाखवला तर तो खूश. "तुझी आये झ्याक दिसतीया. पर गाई कुठं हायेत ह्यात?" त्याच्या लेखी तो पाहुणचार यशस्वी झाला होता. न्हावऱ्याच्या बाजारात तो भेटेल त्याला सांगायचा, आमच्यात कलकत्त्याची बाई येऊन राहून गेली, आमच्या कपिलेची धार काढली तिनं, पोरीची मैत्रीण हाय, पोरीला समद्या मुलखात वळख हाय. साधना रविवारी घरी गेली की लोक तिला विचारायचे, आता कोण येणार? ती दात आवळून म्हणायची, बघू.

आणि मे महिन्यात एका रविवारी भैरू म्हणाला, "साधने, पुढच्या टायमाला मला बी ने."

"कुठं?"

"तिथंच. ज्या हॉस्टेलात कलकत्त्याची माणसं भेटत्यात तिथं. गाईंचं बघंल तुजी आये चार दीस."

साधनानं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. तिथं वरच्या पलंगावर चढावं लागतं, आबा. त्यानं गुडघा चोळला आणि म्हणाला, खालचा घेऊ. ती म्हणाली, तिथं सगळे हिंदीत बोलतात. तो म्हणाला, मी त्या बाईसंगं काय हिंदीत बोललो व्हय? तिला राग आला, कशाचा ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. बाप तिथं गच्चीवर बसेल, मराठीत गाईंबद्दल सांगेल, आणि सगळे त्याचं ऐकतील, अशी तिला भीती वाटत होती. आणि ऐकणार नाहीत याची तर त्याहून जास्त.

तरी तिनं ओट्यावर बसूनच फोन लावला. समुद्राकाठचं एक होस्टेल, मागं एकदा ती तिथं राहिली होती. फोनवरच्या मुलानं आनंदानं तारखा बघितल्या, खालचा पलंग आहे म्हणाला, मग वय विचारलं. ती म्हणाली, सदुसष्ट असेल. तो म्हणाला, मॅडम, सॉरी, आमच्याकडं डॉर्मिटरीत पंचेचाळीसच्या वर घेत नाहीत. पॉलिसी आहे. यंग क्राउड असतो ना.

"अहो, पण ते कुणाला त्रास देणारे नाहीत. गप झोपतात."

"पॉलिसी आहे मॅडम."

"त्यांच्यासारखा फिरलेला माणूस तुमच्याकडं एक तरी आलाय का?" तिचा आवाज चढला. "पायानं! पायानं फिरलेला!"

मुलगा नम्रपणे म्हणाला की वेगळी खोली हवी तर आहे, पण ती कपलसाठी असते. साधनानं फोन ठेवला.

भैरू तिच्या तोंडाकडं बघत होता. "काय म्हणत्यात?"

"जागा न्हाई म्हणत्यात आबा."

"मग काय झालं? अंगणात टाकू की घोंगडी. म्या काय उघड्यावर झोपलो न्हाई व्हय?"

"तिथं अंगणात झोपू देत न्हाईत."

"का? त्यांचं काय जातंय?"

साधनानं खरं कारण सांगितलं नाही. तिनं मोबाईलमध्ये दुसऱ्या होस्टेलाचा नंबर काढला. तो बिझी लागला. तिसऱ्याला रिंग जाऊ लागली, तसा भैरू सरकून तिच्या शेजारी येऊन बसला आणि फोनमधल्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "तूप बी घिऊन येतो म्हणाव. घरच्या गाईचं."